बेटावरची वाफेची आगगाडी: आइल ऑफ वाइटला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मे महिना लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणाचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेले असतात, कुणाच्या मुलांना सुटी लागणार असते, आणि लंडन बघून संपलेलं असतं. मग 'तुमच्या समोरच्या बेटावरच्या त्या गाडीबद्दल सांगा ना' अशी सुरुवात होते. मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथला राहते. हवा स्वच्छ असली की आइल ऑफ वाइट हे बेट खरोखरच समोर दिसतं, आणि आमच्याकडे आलेला एकही पाहुणा ती गाडी बघितल्याशिवाय परत गेलेला नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. यात माझे सासरे, म्हणजे आप्पा, अधूनमधून डोकावतील. ते दौंडच्या लोको शेडमध्ये फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्यांना घेऊन गेले नसते तर यातल्या निम्म्या गोष्टी मला कळल्याच नसत्या.

हे बेट नेमकं कुठे आहे? वेगळा व्हिसा लागतो का?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून, सोलंट नावाच्या खाडीसारख्या समुद्रपट्टीपलीकडे. ते इंग्लंडचाच भाग आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही आणि बोटीत चढताना कुणी पासपोर्ट मागत नाही. नावात गोंधळ होतो तो आइल ऑफ मॅनशी. ते वेगळं बेट, आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधलं. तिथेही वाफेची गाडी आहे, त्यामुळे इंटरनेटवर शोधताना दोन्हींची माहिती एकमेकांत मिसळते. एका मित्राने याच घोळात भलत्याच गाडीचं वेळापत्रक छापून आणलं होतं.

माथेरानसारखी टॉय ट्रेन आहे का?

नाही. नेरळ-माथेरानचे रूळ दोन फुटांवर आहेत. इथले १४३५ मिलिमीटरवर, म्हणजे इंग्लंडमधल्या कुठल्याही मोठ्या गाडीइतकेच. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर धरले तर त्याहून थोडे अरुंद, पण खेळण्यातली गाडी म्हणावी इतके मुळीच नाहीत. बेटावरची गाडी म्हटल्यावर घारापुरीच्या धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत नेणारी गाडी डोळ्यांसमोर आली असेल, तर तीही विसरा. ही खरीखुरी प्रवासी रेल्वे होती. तिच्यातून लोक बाजाराला, शाळेला, कामाला जात होते.

बेटावर पहिली रेल्वे आली १८६२ साली, काउझ ते न्यूपोर्ट. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये. म्हणजे ठाणेकरांना आगगाडी या बेटाच्या नऊ वर्षं आधी मिळाली. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते, ठाणेकर असेल तर दोनदा.

एवढं लांब येऊन गाडीत किती वेळ बसायला मिळतं?

स्पष्टच सांगते. रस्ता साडेपाच मैलांचा, म्हणजे जेमतेम नऊ किलोमीटर. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला साधारण तासभर. वेग बेताचा. कोकण रेल्वेसारखे पूल आणि बोगदे नाहीत, खंडाळ्यासारखा घाट नाही, आणि बेटावर असूनही गाडीतून समुद्र दिसत नाही असं धरूनच निघा. दिसतात ती कुरणं, झुडपांची कुंपणं, मेंढ्या, गर्द झाडीचा एक पट्टा आणि दक्षिणेकडे टेकड्यांची हिरवी पाठ.

'एका दिवसात किती ठिकाणं झाली' असा हिशोब ठेवणाऱ्यांना इथे चुकचुकल्यासारखं होतं. पण तिकीट दिवसभर चालतं. एकदा काढलं की कितीही वेळा बसा, कुठेही उतरा. पहिल्या फेरीत बाहेर बघा, दुसऱ्या फेरीत गाडीच बघा. आम्ही दुसऱ्या फेरीनंतर निघणार होतो, आप्पांनी चार करायला लावल्या.

लंडनहून कसं यायचं?

वॉटर्लूहून पोर्ट्समथ हार्बरची गाडी पकडा. दीड ते दोन तास लागतात. लक्षात ठेवा, पोर्ट्समथ अँड साउथसी नावाचं एक स्टेशन आधी येतं, तिथे अर्धा डबा रिकामा होतो आणि आपणही घाईने उतरून बसतो. तिथे उतरायचं नाही. शेवटचं स्टेशन हार्बर. ते पाण्यात उभ्या केलेल्या धक्क्यावरच बांधलेलं आहे, फलाटावरच्या फटींतून खाली समुद्र दिसतो. तिथूनच बेटावरच्या राइड गावाची कॅटमरान (दोन सांगाड्यांची वेगवान) बोट सुटते, साधारण २२ मिनिटांत पलीकडे. लंडनच्या स्टेशनवर थेट राइडपर्यंतचं एकच तिकीट मिळतं, बोटीचं भाडं त्यातच असतं. वेगवेगळी तिकिटं काढत बसू नका.

दुसरा मार्ग साउथसीहून हॉवरक्राफ्टचा. साधारण दहा मिनिटांत राइड. रबराचा घागरा नेसलेली ही बोट वाळूवरून उठते आणि पाण्यावरून सरपटत जाते. मुलांना फार आवडते, पाहुण्यांमधल्या आज्यांना तिचा आवाज आवडत नाही. जाताना एक, येताना दुसरी, असं केलं तर दोन्ही होतात.

कार न्यायची असेल तर पोर्ट्समथ ते फिशबोर्न किंवा साउथॅम्प्टन ते ईस्ट काउझ अशी कार नेणारी मोठी फेरीबोट आहे. कारचं भाडं सुटीच्या दिवसांत चांगलंच चढतं, आठवडाभर राहणार नसाल तर परवडत नाही.

राइडला बोट लागते तिथून समुद्रातच अर्धा मैल चालायचं का?

हवं असेल तर चाला, मजा येते. राइडचा धक्का १८१४ सालचा आहे. तो एवढा लांब का? ओहोटीला इथला समुद्र फार दूर जातो, मधे नुसती ओली वाळू. धक्का होण्याआधी उतारूंना हमालांच्या पाठीवर बसून उतरावं लागे आणि मग वाळू तुडवत गावात जावं लागे. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पण चालायलाच हवं असं नाही. धक्क्याच्या टोकाला रेल्वे स्टेशन आहे. बोटीतून उतरा, दहा पावलांवर गाडी.

ती गाडी लंडनच्या मेट्रोसारखी का दिसते?

कारण ती लंडनची मेट्रोच आहे! १९७८ ते ८० च्या सुमारास लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनसाठी बांधलेले डबे, तिथून निवृत्त झाल्यावर डागडुजी करून २०२१ पासून इथे धावतात. राइड गावाखालचा बोगदा ठेंगणा आहे, साधी मोठी गाडी त्यातून जात नाही, म्हणून १९६७ पासून लंडनच्या बुटक्या भुयारी गाड्याच इथे आणल्या जातात. यांच्या आधीचे डबे १९३८ च्या सुमारास बांधलेले होते आणि जानेवारी २०२१ पर्यंत रोजच्या वाहतुकीत होते. त्यांतली एक गाडी आता वाफेच्या गाडीच्या हेवनस्ट्रीट स्टेशनला ठेवली आहे.

आणि इथेच या बेटाच्या रेल्वेची खरी गंमत आहे. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा शेंडेफळाला, हे आपल्याकडे घरोघरी चालायचं. इंग्लंडच्या रेल्वेत हे बेट कायम शेंडेफळ राहिलं. इंजिनं मुख्य भूमीवर वापरून झालेली, डबे तिकडचे उतरलेले, आणि वाफ गेल्यावर विजेच्या गाड्याही लंडनने काढून टाकलेल्या. नव्या कोऱ्या वस्तू इथे क्वचितच आल्या. जे आलं ते झिजेपर्यंत वापरलं गेलं, आणि म्हणूनच जे इतरत्र पन्नास-साठ वर्षांपूर्वी भंगारात गेलं ते इथे अजून आहे.

वाफेची गाडी कुठे पकडायची?

या विजेच्या गाडीने स्मॉलब्रूक जंक्शनला उतरा. एका बाजूला मेट्रो, दुसऱ्या बाजूला वाफेची गाडी, चारी बाजूंना रान.

स्मॉलब्रूकला कारने जाता येईल का?

नाही. रस्ताच नाही. फक्त गाडीने यायचं आणि गाडीनेच जायचं. नकाशावर टिंब दिसतं म्हणून लोक मोबाइलच्या भरवशावर कार घेऊन निघतात आणि कुठल्यातरी शेताच्या फाटकापाशी अडकतात. वाफेची गाडी चालू असते त्या दिवशीच हे स्टेशन उघडं असतं.

मग कार कुठे लावायची?

हेवनस्ट्रीटला. हे मधलं मुख्य स्टेशन. वाहनतळ, उपाहारगृह, दुकान, इंजिनांची शेड, संग्रहालय सगळं इथेच आहे. स्मॉलब्रूकहून निघालं की आधी ॲशी लागतं, मग हेवनस्ट्रीट, शेवटी वुटन. एवढीच चार स्टेशनं.

तिकीट कुठून काढायचं? फर्स्ट क्लास घ्यावा का?

सुटीच्या दिवसांत ऑनलाइन आधी काढा, एरवी स्टेशनवर मिळतं. वर्ग दोनच, पहिला आणि तिसरा. दुसरा कुठे गेला, असं सगळेच विचारतात. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी दुसरा वर्ग आधीच बंद झाला होता आणि कितीतरी वर्षं पहिला आणि तिसरा असेच दोन वर्ग राहिले. तिसऱ्याचं नाव दुसरा झालं ते १९५६ मध्ये. इथे जुनीच पद्धत ठेवली आहे.

तिसरा वर्ग म्हणजे लाकडी फळ्या असं आपल्या डोक्यात पक्कं असतं. आपल्याकडे रेल्वेमंत्री असताना मधु दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर फोमच्या गाद्या आणल्या, तोपर्यंत लांबचा प्रवास फळीवरच व्हायचा. इथे तिसऱ्या वर्गातही गादी आहे, कापड नक्षीचं आहे. पहिल्या वर्गात पाय पसरायला जास्त जागा आणि गर्दी कमी. वयस्कर माणसं बरोबर असतील आणि ऑगस्ट असेल तर घ्या, नाहीतर गरज नाही.

कोणती इंजिनं बघायला मिळतात?

त्या दिवशी कोणतं जोडलं असेल ते आधीपासून ठरवून येऊ नका. इंजिनं आळीपाळीने दुरुस्तीला जातात. तीन जुनी मात्र ओळखून ठेवा.

पहिलं डब्ल्यू २४, नाव कॅलबोर्न. नंबरातलं डब्ल्यू म्हणजे वाइट, आणि नाव बेटावरच्या एका गावाचं. १९२३ नंतर इंग्लंडच्या सदर्न रेल्वे कंपनीने बेटावरच्या इंजिनांना इथल्याच गावांची नावं द्यायला सुरुवात केली. कॅलबोर्न १८९१ साली लंडनच्या नाइन एल्म्स कारखान्यात बांधलं गेलं आणि १९२५ मध्ये बेटावर आलं. या जातीची ६० इंजिनं झाली, त्यांतली २३ बेटावर येऊन गेली, आणि जगात उरलं आहे ते हे एकच.

दुसरं डब्ल्यू ८ फ्रेशवॉटर आणि तिसरं डब्ल्यू ११ न्यूपोर्ट, दोन्ही टेरियर जातीची, चणीने लहान. फ्रेशवॉटर १८७६ चं. निवृत्तीनंतर ते हेलिंग बेटावरच्या एका दारूच्या गुत्त्याबाहेर पाटीसारखं उभं होतं, १९६६ ते १९७९. न्यूपोर्ट १८७८ चं. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने सुवर्णपदक मिळवलं होतं, आणि म्हातारपणी नशिबी आलं वेल्समधल्या एका सुटीच्या छावणीत मुलांनी अंगावर चढून खेळणं. तिथून १९७३ मध्ये ते बेटावर परत आलं.

याशिवाय नंतरच्या काळातली मोठी इंजिनंही आहेत. गर्दीच्या दिवशी बहुधा त्यांतलंच एक असतं. ती ताकदवान आहेत, पण जीव जडतो तो लहानग्यांवर.

इंजिन स्टेशनात उभं असताना धापा का टाकतं? बिघडलंय का?

हा प्रश्न मीच आप्पांना विचारला होता. हेवनस्ट्रीटच्या फलाटावर कॅलबोर्न उभं होतं, आणि त्याच्या अंगातून 'हुप्... हुप्... हुप्' असा दमेकऱ्यासारखा आवाज येत होता. आप्पा आधी कान देऊन ऐकत राहिले. मग इंजिनाच्या कडेला लावलेल्या एका उभ्या नळकांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, 'अगं, हा व्हॅक्यूम नाही. लोकलसारखा हवेचा ब्रेक आहे. वाफेवर पंप चालतोय, टाकीत हवा भरतोय.'

आपल्याकडच्या वाफेच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक, म्हणजे नळीतली हवा शोषून चालणारा ब्रेक, असायचा. इंग्लंडमध्येही पुढे तोच सगळीकडे झाला. बेटाने मात्र जुना वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक सोडला नाही, आणि तो पंप हा या बेटाच्या रेल्वेचा आवाज होऊन बसला. गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी इंजिनापाशी जाऊन उभे राहा. पंपाची धाप, मधूनच वाफेची शिट्टीसारखी गळती, तेल आणि गरम लोखंडाचा वास. आप्पांनी त्या वासावरूनच सांगितलं की कोळसा बरा आहे.

डबे एवढे जुने कसे टिकले?

टिकले नव्हते. हे नीट सांगावं लागेल.

बेटाच्या रेल्वेला मुख्य भूमीवरचे वापरलेले डबे मिळायचे, ते तर वर सांगितलंच. तेही जुने झाले की त्यांची चाकं आणि लोखंडी सांगाडा काढून घ्यायचे आणि वरचं लाकडी खोकं विकून टाकायचे. बेटावरच्या लोकांनी ती खोकी घेतली. कुणी समुद्रकाठी ठेवून सुटीतलं घर केलं, कुणी परसात अवजारांची खोली. डब्याला दारं, खिडक्या, छप्पर तयारच, आणि लाकूड सागवानी किंवा महोगनी, सहजी न कुजणारं. वर पत्र्याची पडवी चढली, भिंतींवर रंगाचे थर बसले, आणि आत एक आख्खा रेल्वेचा डबा पन्नास-साठ वर्षं झाकून राहिला.

या रेल्वेवरच्या माणसांनी ही खोकी एकेक करून मिळवली, क्रेनने उचलून हेवनस्ट्रीटला आणली, आणि खालचा सांगाडा नव्हताच म्हणून दुसऱ्या जुन्या डब्यांचे सांगाडे कापून-जोडून खाली बसवले. म्हणजे उतरलेल्या सदऱ्याला उतरलेला पायजमा. आज ते डबे वार्निश मारून चकचकीत धावतात, आणि आतल्या माणसाला कळतही नाही की आपण बसलोय तिथे एके काळी कुणीतरी उन्हाळाभर चहा करत होतं.

चारचाकी डब्यात बसायला मिळालं तर सोडू नका. खोली छोटी, समोरासमोर दोन बाकं, एका खोलीतून दुसरीत जायची सोय नाही, दोन्हीकडे बाहेर उघडणारं दार. खिडकीला कडी नसते, चामड्याचा पट्टा असतो. पट्टा ओढून वर उचलायचा, मग काच हलकेच खाली सोडायची, आणि पट्ट्याचं भोक पितळी खुंटीत अडकवायचं. मुलं यातच दहा मिनिटं रमतात. चार चाकांवरचा डबा रुळांच्या सांध्यावर जो ठेका धरतो तो आपल्या आताच्या गाड्यांत कधीच ऐकू येत नाही.

गाडीत शौचालय आहे का?

नाही. हेवनस्ट्रीटला उरकून घ्या.

वुटनला उतरून काय बघायचं?

गाव नाही, इंजिन बघा. तिथे रूळ संपतात. इंजिन सुटं होतं, बाजूच्या रुळावरून गाडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला येतं आणि पुन्हा जोडलं जातं. जोडणारा माणूस इंजिन आणि डब्याच्या मधे उतरतो, आकडा अडकवतो, स्क्रू पिळतो, हवेची नळी जोडतो. फलाटावरून सगळं हातभर अंतरावर दिसतं. परतीच्या वाटेवर इंजिन उलटं तोंड करून धावतं, तेव्हा 'इंजिन चुकीचं लावलंय' असं गार्डला सांगायला जाऊ नका. आमच्यातल्या एका काकांनी सांगितलं होतं.

वुटनचं स्टेशन दिसायला जुनं असलं तरी जुनं नाही. मूळचं स्टेशन चिकणमातीचा दरड-उतार खचून निकामी झालं होतं, हे नंतर नव्या जागी उभं केलं.

ही रेल्वे बंद का झाली आणि पुन्हा सुरू कुणी केली?

भरभराटीच्या काळात एवढ्याशा बेटावर जवळपास ९० किलोमीटर रेल्वे होती. मोटारी आणि बस आल्या, प्रवासी घटले, आणि १९५० च्या दशकापासून एकेक फाटा बंद होत गेला. राइड ते काउझ हा मार्ग, ज्याचा हा तुकडा आहे, फेब्रुवारी १९६६ मध्ये बंद झाला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला बेटावरची वाफ संपली. फक्त राइड ते शँक्लिन उरलं, ते विजेवर.

काही तरुणांनी वर्गणी काढून एक इंजिन आणि थोडे डबे घेतले. ते इंजिन म्हणजे आपलं कॅलबोर्न. सामान न्यूपोर्टला ठेवलं होतं, पण तिथले रूळ उखडायचं ठरलं. २४ जानेवारी १९७१ या एका दिवसात त्यांनी सगळं बंद पडलेल्या मार्गावरून हेवनस्ट्रीटला हलवलं. त्यानंतर मागचे रूळ गेलेच. तो रविवार हुकला असता तर आज बघायला काही उरलं नसतं. सुरुवातीला गाडी फक्त हेवनस्ट्रीट ते वुटन धावायची. उरलेला रस्ता पुन्हा टाकून स्मॉलब्रूकपर्यंत पोचायला १९९१ उजाडलं.

आजी-आजोबांना झेपेल का? व्हीलचेअर, बाबागाडी?

चालणं फार नाही. अवघड काय, तर जुन्या डब्यांची दारं अरुंद आहेत आणि पायरी उंच. गुडघे कुरकुरत असतील तर फलाटावरच्या माणसाला आधी सांगा, ते सोयीचा डबा दाखवतात. व्हीलचेअरसाठी जागा केलेला डबा आहे, पण येण्याआधी कळवून ठेवलेलं बरं. बाबागाडी घडीची आणा.

जेवणाचं काय? शाकाहारी मिळतं का?

हेवनस्ट्रीटच्या उपाहारगृहात सँडविच, भाजलेला बटाटा, केक, चहा असं मिळतं. स्कोन, साय आणि जॅम एकदा खाऊन बघा. साय आधी की जॅम आधी यावर इंग्रज माणसं आपल्या पोह्यांत बटाटा की नको यावर भांडतात तशीच भांडतात.

आम्ही डबा नेतो. हेवनस्ट्रीटला हिरवळ आणि बाकं आहेत. दशम्या, लसणीची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी. पातळ काही नेऊ नका, चारचाकी डब्यात सांडतं. चटणीवरून आठवलं, कार असेल तर न्यूचर्चजवळ लसणाची मोठी शेती आहे, दुकानासकट. काळ्या लसणाचं आइस्क्रीम विकतात. मला नाही आवडलं, नवऱ्याने दोन खाल्ली.

कधी यावं?

गाडी रोज, बारा महिने नसते. उन्हाळ्यात बहुतेक दिवस, हिवाळ्यात मोजके, डिसेंबरात नाताळच्या खास फेऱ्या. निघण्याआधी 'आइल ऑफ वाइट स्टीम रेल्वे'च्या संकेतस्थळावर त्या तारखेचं वेळापत्रक बघाच. मे-जून सर्वांत छान: दिवस लांब, गर्दी बेताची, रुळांच्या कडेने रानफुलं. ऑगस्टच्या शेवटच्या लांब सुटीत वाफेच्या यंत्रांची मोठी जत्रा भरते, रोडरोलरपासून नांगरणीच्या इंजिनापर्यंत सगळं धूर सोडत फिरत असतं. यंत्रवेड्यांनी तेव्हाच यावं, बाकीच्यांनी तेव्हाच टाळावं.

पाऊस पडला तर? पडेलच. पावसाळी गार हवेत वाफ दाट आणि पांढरी दिसते, फोटो चांगले येतात. कडक उन्हात ती दिसतही नाही.

फोटोसाठी चांगली जागा?

ॲशी. छोटं, एका फलाटाचं, फारसं कुणी उतरत नाही. गाडी वळणावरून येताना पूर्ण दिसते. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका. एक कारण सुरक्षेचं, दुसरं डोळ्यात कोळशाची कणी जाते आणि ती दिवसभर छळते.

मुलांसाठी आणखी काही?

'ट्रेन स्टोरी' नावाची मोठी शेड आहे, तिथे डबे आणि इंजिनं जवळून बघता येतात, काहींत चढता येतं. आणि हेवनस्ट्रीटमागच्या झाडीत लाल खारी. मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी करड्या खारींनी लाल खारींना हुसकून लावलं, इथे करड्या पोचल्याच नाहीत. आपल्या भीमाशंकरच्या शेकरूपुढे ही अगदी चिमुरडी, पण शेपूट तसंच झुबकेदार. दिसायला नशीब लागतं, आणि मुलांनी पाच मिनिटं गप्प राहावं लागतं.

त्याच दिवशी ऑस्बोर्न हाउस होईल का?

कार असेल आणि सकाळी लवकर पोचलात तर होईल. हेवनस्ट्रीटपासून कारने पंधरा-वीस मिनिटं. राणी व्हिक्टोरियाचं हे आवडतं घर, १९०१ मध्ये ती इथेच वारली. तिथला दरबार हॉल बघण्यासारखा आहे: भिंती-छत सगळं पांढऱ्या नक्षीने भरलेलं, मोर, गणपती. काम केलं लाहोरच्या भाई राम सिंग यांनी, मार्गदर्शन त्यांचे गुरू जॉन लॉकवुड किपलिंग यांचं. हे किपलिंग लाहोरला जाण्याआधी दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडी शिल्पं त्यांचीच. शेजारच्या दालनात राणीने चित्रकाराकडून काढवून घेतलेली साध्या भारतीय कारागिरांची चित्रं आहेत, माझ्या मते हॉलपेक्षा ती जास्त वेळ देण्यासारखी. पण चालत-बसने येणार असाल तर दोन्ही एका दिवशी कोंबू नका.

तिथल्या माणसांशी बोललं तर चालतं का? इंग्रजी फार येत नाही.

जरूर बोला. तिकीट तपासणारा, गार्ड, फायरमन, बरेचसे स्वयंसेवक आहेत, हौसेने येतात. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतला. बक्षिसी देऊ नका, गोंधळतात.

आप्पांचं इंग्रजी 'लाइन क्लिअर' आणि 'राइट टाइम' एवढंच. हेवनस्ट्रीटला गाडी शिरताना फायरमनने पुढच्या एकेरी मार्गाची परवान्याची खूण सिग्नलवाल्याकडून घेतली, ते बघून ते थबकले. दौंडला असताना तो टोकनचा गोळा त्यांनी हजारदा हातात घेतला होता. सिग्नलवाल्या म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने पुढे येऊन काहीतरी विचारलं, आप्पांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून 'फायरमन, ड्रायव्हर, थर्टी एट इयर्स' म्हटलं. मग दोघं फलाटाच्या टोकाला उभे राहून हातवारे करत बोलत होते. मी दुभाषी म्हणून गेले, तर आप्पा म्हणाले, 'तू थांब गं, आमचं चाललंय.' त्या नादात आमची साडेतीनची गाडी गेली. पुढची पाऊण तासाने होती.